नाचणाऱ्यांची तोंडं कुणीकडे?

कर्नाळ्याच्या सुळक्याखाली माणसं हळू आवाजात बोलतात. वर मधमाश्यांची पोळी आहेत, त्यांच्या भीतीने. तिथे बसून उत्तरेकडे पाहिलं, हवा स्वच्छ असली, तर माथेरानची सपाट रेघ दिसते आणि तिच्या अलीकडे प्रबळगड. त्याला लागून एक खाच आणि खाचेपलीकडे कलावंतीण. कातळात खोदलेल्या त्या पायऱ्यांचे रील तुम्ही नक्की पाहिलेत. बहुतेकांवर 'सर्वात धोकादायक' असं काहीतरी लिहिलेलं असतं.

शिमग्याला माची प्रबळचे आदिवासी त्या माथ्यावर जाऊन नाचतात. ट्रेकिंगच्या माहितीपत्रकांत ही गोष्ट एका ओळीत येते, बहुधा 'पाणी सोबत ठेवा'च्या आसपास. सुमारे २२५० फुटांवर, कठडा नसलेल्या जागेवर माणसं नाचतात, आणि तो नाच कसा आहे याबद्दल कुणी दुसरी ओळ लिहीत नाही. नाटकावर आपण पानंच्या पानं लिहितो. नाचाला मात्र 'परंपरा' म्हटलं की समीक्षकाची सुट्टी. चांगला झाला की वाईट, हे विचारायचंच नाही, कारण परंपरा म्हणजे चांगलीच.

मला विचारायचं आहे.

गेल्या हिवाळ्यात पनवेलजवळच्या एका महोत्सवात 'आदिवासी नृत्य' पाहिलं. आठ मिनिटं. बारा मुली, उंची जवळपास सारखी, साड्या एकाच ठाणातल्या. ढोल होता, पण त्याच्यासमोर माईक नव्हता. आवाज येत होता तो रेकॉर्ड केलेल्या गाण्याचा, त्यात कीबोर्ड. निवेदिका म्हणाली 'निसर्गाची लेकरं'. शेवटी मनोरा, टाळ्या, प्रमाणपत्रं.

साड्या खोट्या होत्या, ही माझी तक्रार नाही. कपडे बदलतातच. वाडीवर ब्लूटूथ स्पीकर आहे, हळदीला डीजेही वाजतो, त्यावरही मंडळी मस्त नाचतात. कीबोर्डचंही सोडून देऊ. माझा आक्षेप एकाच गोष्टीला आहे: फेर उघडला होता. मुली अर्धगोलात उभ्या होत्या आणि सगळ्यांची तोंडं आमच्याकडे होती.

यात काय बिघडलं, ते मला कर्नाळ्याच्या पायथ्याच्या एका वाडीवर कळलं, शिमग्याच्याच रात्री. ओळखीच्या एकाने नेलं होतं. होळीपाशी फेर धरलेला, प्रत्येकाचा हात शेजारच्याच्या कमरेमागे. मी कडेला उभा होतो आणि मला फक्त पाठी दिसत होत्या. खरं सांगतो, पहिली पंधरा मिनिटं कंटाळा आला. तीच ओळ, तेच पाऊल, तोच ठेका. 'पुढे काय' ही सवय लागलेल्या माणसाला तिथे काहीच मिळत नाही. मग कुणीतरी दंडाला धरून आत ओढलं.

आत गेल्यावर सगळं उलटं. पाऊल डोळ्यांनी शिकायचं नसतंच, ते कमरेवरच्या हातातून येतं. मी चुकलो की शेजारचा हात किंचित दाबायचा, पुढच्या वेळी थोडं आधीच दाबायचा. एक आजी नातवाला कडेवर घेऊन शिरली, दहा फेऱ्या झाल्या, चुलीवर भात आहे म्हणून निघून गेली. तिची जागा दोन सेकंदांत बुजली. लंगडणारा एक माणूस होता. तो ज्या बाजूला असायचा तिथे सगळा फेर किंचित सावकाश व्हायचा, पुन्हा सरळ व्हायचा. हे कुणी बसवलेलं नव्हतं. गोल असला की ते होतंच.

आता तो गोल कापून अर्धा करा आणि प्रेक्षकांकडे वळवा. आजी गेली, कारण ती आठ मिनिटं टिकणार नाही. लंगडणारा गेला. मी तर आधीच गेलो. उरल्या सारख्या उंचीच्या बारा मुली. मंचावर नाच छोटा होतो याचं वाईट नाही, पण नाचणाऱ्यांची निवड सुरू होते आणि ज्यांचा तो होता त्यांतले निम्मे प्रेक्षक होतात. तिकडे प्रवेशपत्रिका लागते, हे वेगळंच.

आणि त्या कड्याचं नाव पाहा. कलावंतीण. कुणा राणीसाठी तो बांधला, अशी दंतकथा सांगतात. ती बाजूला ठेवू, शब्दच पुरेसा आहे. कलावंतीण म्हणजे मालकासमोर, त्याच्याकडे तोंड करून नाचणारी. तिची कला फार मोठी होती, पण ती कुणासमोर तरीच उभी राहायची. त्याच नावाच्या माथ्यावर माचीची माणसं समोर कुणी नसताना नाचतात. समोर असते दरी.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. स्पेन-फ्रान्सच्या सीमेवर बास्क लोकांचा मुलूख आहे. तेही डोंगरवेडे, डोंगरावर जमून नाचणारे. त्यांचा वादक डाव्या हाताने तीन भोकांची बासरी वाजवतो, उजव्याने ढोलकं. त्यांच्या 'आउरेस्कू' नाचाचं नाव शब्दशः 'पुढचा हात', कारण मूळ नाच हात धरून केलेल्या साखळीचा आणि हे नाव साखळीतल्या पहिल्याचं. आज बहुतेकांना आउरेस्कू माहीत आहे तो एकट्याने, सन्मानमूर्तीसमोर करायचा नाच म्हणून. पाय डोक्यापर्यंत जातो, बघताना अंगावर काटा येतो. पण साखळी सुटली आणि एकाचं तोंड पाहुण्याकडे वळलं. मला तो आवडतो, हेही कबूल करतो. वळलेला नाच वाईटच असतो असं नाही. आपण त्यालाच मूळ समजू लागतो, तिथे घोटाळा होतो.

मोबाइलचं तर विचारूच नका. उभ्या चौकटीत गोल मावत नाही. मग काढणारा एक चेहरा निवडतो, शक्यतो तरुण, शक्यतो हसरा. मीही त्या रात्री व्हिडिओ सुरू केला होता. चाळीस सेकंद पाठी, मग मला ओढलं तेव्हा फोन खिशात गेला आणि पुढची सहा मिनिटं पडदा काळा. फक्त आवाज.

मे महिन्यात अभयारण्याच्या फाटकाशी करवंदं विकणाऱ्या एका मावशींशी बोलणं झालं. त्या दोनदा मंचावर नाचून आल्या होत्या. "कसं वाटलं?" विचारलं.

"बरं वाटलं. खाली गुळगुळीत, पाय ठेचत न्हाय. पैसं बी दिलं." मग म्हणाल्या, "पन ते सर सारखं सांगत, हसा, हसा. नाचताना कोन हसतं? दम लागतो."

मी त्यांना माझा व्हिडिओ लावून दिला. काळा पडदा आला तेव्हा ओशाळून बंद करायला गेलो, तर त्यांनी माझा हात बाजूला केला आणि फोन कानाशी धरला. करवंदांचं गिऱ्हाईक उभं राहिलं, त्यालाही थांबवलं.

"ह्यो ढोलवाला वाडीचा न्हाय," त्या म्हणाल्या. "पावना हाय. हात जड हाय त्याचा. म्हातारी मानसं लवकर बसली असतील."

बसली होती.