खलाशांच्या श्रमगीतांतील व्यवसायबोली : शब्दार्थ आणि आशय

बीजसंज्ञा : श्रमगीत, खलाशी बोली, अगाऊ वेतन, लोकवाङ्मय

प्रस्तावना :
लोकगीतांतील बोलीचा विचार बहुधा शब्दार्थापाशी थांबतो. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी खलाशांची ‘शँटी’ ही श्रमगीते पाहता ही मर्यादा जाणवते. शिडे चढविताना वा नांगर उचलताना ‘शँटीमन’ ओळ म्हणे आणि इतर खलाशी धृपदाच्या ठेक्यावर एकजुटीने जोर लावीत. ही गीते मुख्यतः व्यापारी जहाजांवरची होत. ब्रिटिश युद्धनौकांवर कामाच्या वेळी गाण्यास सामान्यतः मनाई असे. म्हणून त्यांतील बोलीला नौदलाची बोली म्हणण्यापेक्षा मजुरीवर राबणाऱ्यांची बोली म्हणणे अधिक युक्त ठरते.

विवेचन :
‘डेड हॉर्स’ म्हणजे ‘मेलेला घोडा’ ही संज्ञा याचे बोलके उदाहरण आहे. आधीच मोबदला घेऊन खर्चून टाकलेले काम, असा तिचा अर्थ. जहाजावर चढण्यापूर्वी खलाशाला साधारणतः एका महिन्याचे वेतन अगाऊ मिळे आणि त्यातील बराचसा भाग बंदरावरील खाणावळवाल्याच्या देण्यात जाई. परिणामी पहिला महिना जणू फुकट राबण्यात सरे. तो संपताच कॅनव्हासमध्ये पेंढा भरून केलेला घोडा वाजतगाजत शिडाच्या आडव्या काठीपर्यंत चढविला जाई आणि समुद्रात सोडला जाई. त्या वेळच्या गीतात वरकरणी घोड्याविषयी शोक असला, तरी आशय कर्जमुक्तीच्या आनंदाचा आहे. हा संदर्भ वगळल्यास उपरोध नाहीसा होऊन केवळ विक्षिप्त गंमत उरते.

‘शांघाय करणे’ या क्रियापदाचेही तसेच. गुंगी आणून वा बळजबरीने माणसाला जहाजावर चढविणे, असा त्याचा अर्थ. दूरच्या बंदराचे नाव क्रियापद होते, तेव्हा भूगोलाचा शब्द शोषणाचा शब्द बनतो.

संकलकांची दृष्टी येथे निर्णायक ठरते. सेसिल शार्प यांच्या १९१४ च्या संग्रहात भर प्रामुख्याने चालींवर आहे. स्वतः शँटीमन असलेल्या स्टॅन ह्यूगिल यांनी १९६१ च्या बृहत् संग्रहात गीतांमागील कामे व प्रथा तपशिलाने नोंदविल्या. मात्र छापण्यास अयोग्य वाटलेले शब्द त्यांनीही सौम्य केले. अनुभवसिद्ध संकलनही अशा रीतीने सभ्यतेच्या चाळणीतून गेलेले आहे, याचे भान अभ्यासकाने ठेवावयास हवे.

समारोप :
खलाशी बोली ही गीताची सजावट नसून श्रम, वेतन आणि ऋण यांची नोंद आहे. मराठी कोळीगीतांतील ‘नाखवा’, ‘तांडेल’ या शब्दांपुढेही केवळ प्रतिशब्द लिहून भागणार नाही. होडी कोणाची, हुकूम कोणाचा आणि मासळीत वाटा किती, हे प्रश्न त्या शब्दांत दडलेले आहेत. ते विचारल्याखेरीज लोकगीताचे आकलन अपुरेच राहील.