पुरूचे केस

मराठीत केस पांढरे होतात तसे पिकतातही. आंबा पिकतो, पान पिकतं, गळू पिकतं, केस पिकतात. या क्रियापदात एक पक्की समजूत बसलेली आहे: पिकलेलं परत कच्चं होत नाही. जुन्या गोष्टीही तेच धरून चालतात. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त म्हातारपण पांढऱ्या केसाच्या रूपानं दशरथाच्या कानाशी येतं आणि रामाला राज्य देऊन टाक म्हणतं. जातककथेतला मखादेव राजा एक पांढरा केस पाहून घर सोडतो. केस म्हणजे नोटीस. आली की निघायचं.

ययाती ही नोटीस घेत नाही. महाभारताच्या आदिपर्वात शुक्राचार्यांच्या शापानं म्हातारा झालेला हा राजा मुलांपुढे गाऱ्हाणं मांडतो ते सुरकुत्यांचं आणि पिकलेल्या केसांचं. यदू नाही म्हणतो तेही पांढऱ्या दाढीचं आणि डोक्याचं नाव घेऊन. चौघे नकार देतात, धाकटा पुरू हो म्हणतो.

वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९) मी इथे पाटोद्यात वाचली, वयाच्या २७व्या वर्षी, कानांजवळचे केस पांढरे झालेले असताना. पाहुणे यायच्या आत कलप लाव, असं आत्याचं पालुपद तेव्हा चालू होतं. (पाहुणे आधी सातबारा बघतात, मग डोकं.) त्यामुळे सगळे जिला वासनेची कादंबरी म्हणतात ती मला केसांची वाटली असेल. खांडेकरांना भोगामागे धावणारा आपल्या काळातला माणूस दाखवायचा होता, आणि तो त्यांनी दाखवला. भाषा आज जड वाटते, सुभाषितं तर पानोपानी आहेत, तरी ययातीची हाव खरी वाटते.

मला खटकतं ते वेगळंच. ही कादंबरी तिघे सांगतात: ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा. पुरू सांगत नाही. ज्याच्या अंगावर एका क्षणात म्हातारपण चढलं, त्याला स्वतःचं प्रकरण नाही. आरशात पाहून त्याला काय वाटलं, हे आपल्याला कळत नाही. त्याचा त्याग थोर ठरतो आणि तिथंच विषय संपतो. १९६१च्या ‘ययाति’ नाटकात गिरीश कार्नाडांनी ही गोष्ट पुरूच्या घरात नेली. तिथे पुरूची बायको चित्रलेखा सासऱ्याला जाब विचारते आणि जीव देते. म्हणून मला ते नाटक कादंबरीपेक्षा धारदार वाटतं. किंमत कोण मोजतंय, ते त्यात समोर उभं राहतं.

आमच्या तालुक्यातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेल्या पैशाला उचल. पैसे आधी हातात, अंग नंतर झिजवायचं. ययातीचा व्यवहार मला असाच दिसतो, फक्त उचल बाप घेतो आणि फेडतो मुलगा. ‘आमचे केस काय उन्हात पांढरे झाले नाहीत’ असं लोक अनुभवाच्या तोऱ्यात म्हणतात. फडात उभं राहून हे वाक्य ऐकून बघा. तिथं उन्हात काढलेली वर्षं हाच अनुभव असतो.

आता विज्ञानाकडे येऊ, कारण ‘पांढरे केस मुळापासून काळे’ म्हणणारे व्हिडिओ तुमच्याही फोनवर येत असतील. बाहेर आलेला केस मेलेला असतो. त्याला रंग मिळतो तो मुळाशी असताना, रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींकडून. त्यामुळे तेल वरून कितीही चोळा, पांढरी झालेली लांबी काळी होत नाही. उलटलंच तर मुळातून नव्यानं येणारा भाग काळा येतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे त्याची लांबी ही तारखांची पट्टीच. कोलंबिया विद्यापीठातल्या मार्टिन पिकार्ड यांच्या गटानं २०२१ साली १४ जणांचे केस असे पट्टीसारखे वाचले. काही केस पांढरे होऊन पुन्हा रंगावर आले होते. एका जणाचे पाच केस तर तो सुट्टीवर गेला त्याच काळात परत काळे झाले.

म्हणजे ‘पिकणे’ हे क्रियापद थोडं चुकलंच. पण थोडंच. नुकत्याच उंबरठा ओलांडलेल्या केसांबाबत हे शक्य दिसतं, वर्षानुवर्षं पांढऱ्या असलेल्यांबाबत नाही. हार्वर्डच्या २०२०च्या अभ्यासात उंदरांवर ताण आला तेव्हा रंगाच्या मूळ पेशी संपूनच गेल्या, परत आल्या नाहीत. बी-१२ची कमतरता किंवा थायरॉइडचा बिघाड असेल तर उपचारानं कधीकधी फरक पडतो. कलपाच्या पुडीनं फक्त पाहुणे उठेपर्यंतचं काम होतं, आणि काहींना तिची ॲलर्जीही येते.

पुरूचं प्रकरण कुणी लिहायला घेतलंच, तर मला त्यात राजवाडा नको, ते पाच केस हवेत. बापाच्या ताटात वाढलेलं तारुण्य परत मागायला तो कधी गेला का, हे हवं. आणि ती सुट्टी. आमच्याकडे फडात एक दिवस कामावर गेलं नाही तर त्याला खाडा म्हणतात. त्याचे पैसे कापून घेतात.