‘आपण’चे ‘आम्ही’ होताना : फुटबॉलच्या कादंबरीतला गैरहजर चाहता

इंग्रजी फुटबॉलवरचे ललित लेखन वाचताना मराठी वाचकाच्या हाती एक जादा हत्यार असते. आपल्या भाषेत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असे दोन शब्द आहेत. इंग्रजीला ‘वुई’ या एकाच शब्दावर भागवावे लागते. सामना जिंकल्यावर डर्बीचा चाहता ‘वुई वन’ म्हणतो, तेव्हा त्यात खेळाडू, मॅनेजर, संचालक आणि पायरीवर शेजारी उभा असलेला अनोळखी माणूस असे सगळेच येतात. मराठीत तो ‘आपण जिंकलो’ म्हणेल. पण भर हंगामात मॅनेजर जातो आणि ‘आम्हांला तो परत हवा’ अशी घोषणा होते, तेव्हा इंग्रजीत सर्वनाम तेच राहते, माणसे मात्र बदललेली असतात. संचालक त्यातून बाहेर पडलेले असतात. डेव्हिड पीस यांच्या ‘द डॅम्ड युनायटेड’ (२००६) या गाजलेल्या कादंबरीविषयी माझी जी तक्रार आहे, ती या फटीतूनच निघते.

‘मॅनेजर’ हा शब्द मी तसाच ठेवतो. ‘प्रशिक्षक’ म्हटले तर तो फक्त सराव घेणारा वाटतो आणि ‘व्यवस्थापक’ म्हटले की बँकेची शाखा आठवते. सत्तरच्या दशकातला इंग्लिश मॅनेजर खेळाडू विकत घेई, संघ निवडी, पत्रकारांशी बोले आणि बऱ्याच गावांत महापौरापेक्षा जास्त ओळखला जाई.

ब्रायन क्लफ तसाच होता. तो १९६७मध्ये डर्बी काउंटीत आला तेव्हा क्लब दुसऱ्या श्रेणीत होता. सहकारी पीटर टेलरच्या जोडीने त्याने १९६९मध्ये क्लबला पहिल्या श्रेणीत नेले, १९७२मध्ये इंग्लंडचे विजेतेपद मिळवून दिले आणि पुढच्या वर्षी युरोपियन चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली. मधल्या काळात वर्तमानपत्रे आणि दूरचित्रवाणीवरून त्याची जीभ अखंड चालू होती. ती अध्यक्ष सॅम लाँगसन यांना सोसवेना. ऑक्टोबर १९७३मध्ये, हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा असताना, क्लफ आणि टेलर यांनी राजीनामे दिले. मंडळाने ते स्वीकारले. पुढच्याच जुलैत क्लफ लीड्स युनायटेडचा मॅनेजर झाला. ज्या क्लबच्या खेळाला त्याने वर्षानुवर्षे जाहीर शिव्या घातल्या, तोच हा क्लब. तिथून त्याला ४४ दिवसांत काढले गेले. लीगच्या सहा सामन्यांत एक विजय, एवढीच त्याची तिथली कमाई.

पीस यांनी या दोन गोष्टी एकमेकींत विणल्या आहेत. लीड्सचे दिवस ‘मी’ सांगतो. डर्बीची वर्षे ‘तू’ला उद्देशून येतात. ही युक्ती नाही, या कादंबरीचा तो कणा आहे. लीड्समधला पराभूत माणूस डर्बीतल्या विजयी माणसाला ‘तू’ म्हणून हाक मारतो, कारण तो आता त्याला आपला वाटत नाही. इंग्रजीतल्या ‘यू’मध्ये मान आणि सलगी यांचा फरक दिसत नाही. मराठीत आणायचे झाले तर ‘तू’शिवाय दुसरे काही चालणार नाही, आणि मग ते बोलणे थेट आरशासमोरचे होईल. एका माणसाच्या डोक्यात वाचकाला इतका वेळ कोंडून ठेवणे सोपे नसते. पीस ते करतात, आणि २००९च्या चित्रपटाने त्याच गोष्टीला मैत्रीच्या कहाणीचा गोडवा दिला, तो कादंबरीत नाही हे तिच्या बाजूने सांगायला हवे.

पण मी आणि तू यांच्या या खोलीत तिसऱ्याला जागा उरत नाही. डर्बीचा चाहता कादंबरीत येतो तो क्लफच्या कानांवर पडणारा आवाज म्हणून. तो ओरडतो, फलक धरतो, आणि क्लफच्या अहंकाराला खाऊ घालतो. त्याला स्वतःचे म्हणणे असू शकते, हे या निवेदनात बसतच नाही.

प्रत्यक्षात त्याला म्हणणे होते. राजीनाम्यानंतर डर्बीत निषेधाची संघटित चळवळ उभी राहिली. तिच्या पुढाऱ्यांत डॉन शॉ हे दूरचित्रवाणीसाठी लिहिणारे नाटककार होते. खेळाडूंनीही क्लफला परत घ्या म्हणून मंडळाला पत्र दिले. शॉ यांनी पुढे या लढ्यावर ‘क्लफ्स वॉर’ हे पुस्तक लिहिले. साहित्यगुणांत ते पीस यांच्या जवळपासही जात नाही, तरी सर्वनामाच्या बाबतीत ते जास्त खरे आहे. ते ‘आम्ही’चे पुस्तक आहे. संघ हरत होता म्हणून ही माणसे चिडली नव्हती. क्लब कोणाचा, हा त्यांचा प्रश्न होता. कायद्याने तो भागधारकांचा होता, आणि निषेध करणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हाती फक्त तिकीट होते.

(कोल्हापूरच्या वाचकाला हा प्रश्न जरा परका वाटेल. शाहू स्टेडियमवर पाटाकडील किंवा दिलबहार तालमीच्या नावाने गळा काढणाऱ्याला क्लब कोणाचा हे विचारावे लागत नाही. पेठ त्याची, तालीम त्याची. डर्बीच्या माणसाला ते विचारावे लागले.)

या साऱ्यातला सर्वांत बोलका प्रसंग राजीनाम्यानंतरच्या पहिल्या शनिवारचा आहे. बेसबॉल ग्राउंडवर लेस्टर सिटीशी सामना होता. सामन्याआधी क्लफ स्वतः स्टँडमध्ये प्रकटला, त्याने हात उंचावून लोकांचा जयजयकार स्वीकारला आणि खेळ न पाहताच तो लंडनला गेला. तिथे मायकेल पार्किन्सन यांचा दूरचित्रवाणी कार्यक्रम वाट पाहत होता. इकडे डर्बीने सामना जिंकला. क्लफच्या डोळ्यांनी सांगितले तर हे एका नटाचे नाट्यमय प्रस्थान आहे. पायरीवर उभ्या माणसाच्या डोळ्यांनी पाहा. पाच मिनिटांपूर्वी तो मंडळाविरुद्ध ‘आम्ही’ म्हणून ओरडला. आता गोल झाल्यावर त्याला ‘आपण’ म्हणून उडी मारायची आहे. न मारावी तर पोरांशी बेइमानी, मारावी तर मंडळ म्हणणार, बघा, त्याच्यावाचून काही अडले नाही. भर हंगामातल्या बदलाची खरी पिळवणूक ही आहे. उन्हाळ्यात मॅनेजर गेला तर रुसायला वेळ मिळतो. इथे शनिवार थांबत नाही.

निक हॉर्न्बी यांच्या ‘फीव्हर पिच’मध्ये (१९९२) चाहता मधोमध आहे, हे खरे. आर्सेनलच्या सामन्यांच्या तारखांवर रचलेल्या त्या आठवणींच्या काळात बर्टी मी, टेरी नील, डॉन हाऊ आणि जॉर्ज ग्रॅहम असे मॅनेजर होऊन गेले. नील आणि हाऊ तर हंगामाच्या मध्येच गेले. चाहता तेवढा टिकला. पण तेही पुस्तक शेवटी ‘मी’चे आहे, एका माणसाच्या वेडाचे. पीस स्वतः ‘रेड ऑर डेड’मध्ये (२०१३) लिव्हरपूलच्या बिल शँक्लीकडे वळले, तेव्हा त्यांनी गर्दीला जागा दिली, निवृत्त शँक्ली आणि लोक यांच्यातला जिव्हाळा हा त्या कादंबरीचा उत्तरार्धच आहे. शँक्ली मात्र जुलैत गेला होता, दोन हंगामांच्या मधल्या रिकाम्या वेळी. तिथे ‘आपण’ अभंग राहतो. म्हणजे अवघड प्रकरण पुन्हा टळले ते टळलेच.

आणि त्या अवघड प्रकरणात क्लफपेक्षा डेव्ह मॅकाय मला जास्त महत्त्वाचा वाटतो. क्लफनेच डर्बीत आणलेला, संघाला पहिल्या श्रेणीत नेणारा हा कप्तान आता नॉटिंगहॅम फॉरेस्ट सोडून क्लफच्या खुर्चीत बसला. गावाला नको असताना, गावाचाच लाडका माणूस. क्लफ काही आठवड्यांत तिसऱ्या श्रेणीतल्या ब्रायटनला गेलाही. मॅकायने तो हंगाम तिसऱ्या क्रमांकावर संपवला आणि १९७५मध्ये डर्बीला पुन्हा विजेतेपद मिळवून दिले. कालपर्यंत ज्याच्या नेमणुकीला विरोध केला, त्याच्याच चषकासाठी लोक रस्त्यावर येतात, तेव्हा त्यांच्या तोंडी कोणते सर्वनाम असते? इतिहासाने कादंबरीकारापुढे याहून चांगले साहित्य क्वचितच ठेवले असेल. पीस यांची रचना लीड्समधल्या बडतर्फीशी थांबते, म्हणून हा भाग तिच्या कक्षेबाहेर राहतो, असे उत्तर मिळेल. ते मान्य आहे. पण डर्बीची वर्षे ‘तू’च्या हवाली केली, तेव्हाच डर्बीचे गाव कादंबरीबाहेर गेले होते.

नोव्हेंबर १९७६मध्ये मॅकायलाही डर्बीने भर हंगामातच घालवले. त्यावर कोणी कादंबरी लिहिली नाही. पुढच्या फेब्रुवारीत मंडळाने क्लफलाच परत बोलावले, म्हणजे १९७३च्या फलकांवरची मागणी तीन वर्षांहून अधिक काळाने मान्य झाली. क्लफ तेव्हा शेजारच्या नॉटिंगहॅम फॉरेस्टचा मॅनेजर होता. त्याने विचार केला आणि नाही म्हणून कळवले.