जातमुचलका आणि जामीन

रेव्हरंड ना. वा. टिळकांची ‘अभंगांजली’ देवळात जाणाऱ्या वाचकाने का वाचावी, असा प्रश्न आम्हांस पुष्कळदा विचारला जातो. न्यायालयात आरोपी कधी जातमुचलक्यावर सुटतो, कधी त्याला जामीनदार लागतो. पहिल्यात माणूस स्वतःच्याच शब्दावर उभा असतो. दुसऱ्यात कोणी अन्य त्याचे दायित्व पत्करतो. टिळकांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा आमच्या मते त्यांनी आपली विद्वत्ता आणि मानीपणा यांवरचा भरवसा टाकला. पुढे १९१७ साली मिशनच्या नोकरीचा आधारही सोडला. या अभंगांतील निर्भयता त्या त्यागाशी सुसंगत आहे. जेथे ते उपदेश करू लागतात तेथे ओळ सैल पडते. जेथे ख्रिस्ताच्या पायी निःशंक विसावतात तेथे तुकोबांची वाट ओळखू येते.

तथापि ख्रिस्त आणि विठोबा एकच, असे म्हणून ही कविता आपलीशी करणे हा कवीवर अन्याय होय. त्याचा जामीनदार निराळा आहे, आणि तो आपण स्वीकारावा असा आमचा आग्रह नाही. परंतु ‘माझा मी समर्थ आहे’ हा आपला जातमुचलका किती कच्चा, हे त्याच्याइतके स्पष्ट थोडेच सांगतात. तेवढ्यासाठी तरी तो वाचावा.