प्रधान क्रियापदाचा भूतकाळ आणि गौण वाक्याचा काळ

भंडारा जिल्ह्यातील मराठी शाळांतून महाविद्यालयात येणारा विद्यार्थी इंग्रजी व्याकरणाचा एक नियम बहुधा तोंडपाठ करूनच येतो : प्रधान वाक्यातील क्रियापद भूतकाळी असल्यास गौण वाक्यातील क्रियापदही भूतकाळी ठेवावे. पाठांतर पक्के असूनही हा नियम नको तेथे लावला जातो आणि हवा तेथे विसरला जातो. याचे खापर विद्यार्थ्याच्या माथी फोडण्याची रीत जुनी आहे. परंतु नियमाची मांडणीच तपासून पाहिली, तर दोषाचा मोठा वाटा तिच्याकडे जातो असे दिसून येईल.

रेन व मार्टिन यांच्या सुप्रसिद्ध शालेय व्याकरणात हा नियम दोन अपवादांसह दिलेला आहे. गौण वाक्यात सनातन सत्य सांगितले असल्यास वर्तमानकाळ चालतो, हा पहिला. 'दॅन' या शब्दाने आरंभ होणाऱ्या गौण वाक्यात कोणताही काळ चालतो, हा दुसरा. या दुसऱ्या अपवादातच नियमाचे वैगुण्य उघडे पडते. 'आय मेट अ मॅन हू लिव्ह्ज इन साकोली' हे वाक्य निर्दोष आहे. त्यात प्रधान क्रियापद भूतकाळी, गौण वर्तमानकाळी. सनातन सत्य नाही आणि 'दॅन'ही नाही. म्हणजे हा नियम सर्व गौण वाक्यांचा नव्हेच. सांगणे, वाटणे, जाणणे, विचारणे अशा क्रियापदांच्या कर्मस्थानी येणारे जे नामवाक्य, त्याच्याशी तो मुख्यतः निगडित आहे. एवढा भेद प्रथमच लक्षात घेतला, तर दुसऱ्या अपवादाची गरज उरत नाही.

पहिला अपवाद याहून महत्त्वाचा आहे. 'शिक्षकांनी सांगितले की वैनगंगा वर्धेला मिळते' याचे इंग्रजी करताना वर्तमानकाळ ठेवण्यास विद्यार्थी कचरत नाही, कारण नदीचा संगम त्याला सनातन वाटतो. परंतु 'ही सेड दॅट हिज फादर इज इल' हे वाक्यही इंग्रजीत अशक्य नाही. आजारीपणात सनातन असे काहीच नाही. तरी बोलणाऱ्याच्या दृष्टीने वडील अद्याप आजारी असतील तर ते वाक्य योग्य ठरते. तेथील वर्तमानकाळ दोन ठिकाणी एकदम नांगर टाकतो : मूळ सांगण्याच्या क्षणी आणि आता ते सांगणे पुन्हा कळविले जात असतानाच्या क्षणी. सनातन सत्य ही या व्यापक तत्त्वाची केवळ एक ठळक जागा होय. तिला अपवादाचे नाव दिल्याने तत्त्व झाकले गेले, आणि 'इज' दिसताच लाल रेघ ओढण्याची सवय परीक्षकांना जडली.

या काळबदलाच्या मुळाशी काय आहे, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. येस्पर्सन यांनी 1924 च्या 'द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर' या ग्रंथात तो बव्हंशी मनाच्या जडतेचा परिणाम मानला : बोलणाऱ्याचे मन भूतकाळात वावरत असते आणि प्रत्येक उपवाक्याचा काळ निराळा पारखण्यास ते थांबत नाही. बर्नर्ड कॉम्री यांनी 1985 च्या 'टेन्स' या पुस्तकात त्याला इंग्रजीचा केवळ रूपविषयक नियम ठरविले. येस्पर्सन यांचे स्पष्टीकरण वाचावयास गोड. पण जपानी किंवा रशियन बोलणाऱ्यांचे मन जड होत नाही काय, हा प्रश्न त्याने सुटत नाही. त्या भाषांत असा बदल होत नाही. मराठीतही होत नाही.

मराठीची परंपरा येथे संस्कृतातील 'इति'ची आहे. मूळ बोलणे जसेच्या तसे ठेवून त्यापुढे 'असे' किंवा 'म्हणून' जोडावयाचे. काळाला हात लावावयाचा नाही, पुष्कळदा पुरुषालाही नाही. 'रोवणी आटोपली आहे असे त्याने सांगितले.' 'मी उद्या येतो म्हणून तो बोलला.' फारसीतून आलेल्या 'की'ने वाक्यांचा क्रम उलटला, काळ मात्र होता तसाच राहिला. पाहणे, कळणे या क्रियापदांपुढे, विशेषतः कथनात, 'दार उघडे होते' आणि 'दार उघडे आहे' ही दोन्ही रूपे येतात हे खरे. सांगण्याच्या क्रियापदांपुढे मात्र दोहोंतील भेद टिकून राहतो.

हा भेद किती मोलाचा आहे, हे एका कल्पित साक्षीवरून कळेल. साक्षीदार म्हणतो, 'भाऊ बांधीत आहे असे मी पोलिसांना सांगितले.' दुसरा म्हणतो, 'भाऊ बांधीत होता असे मी पोलिसांना सांगितले.' पहिल्याच्या सांगण्याप्रमाणे भाऊ त्या क्षणी शेतात आहे. दुसऱ्याच्या सांगण्याप्रमाणे तो आधी केव्हातरी तेथे होता. या दोन्ही साक्षींचे इंग्रजी टिपण 'माय ब्रदर वॉज इन द फील्ड' असे एकच होऊ शकते, कारण इंग्रजीतील स्थितिवाचक भूतकाळ दोन्ही अर्थ पोटात घेतो. 'हॅड बीन' लिहून दुसरा अर्थ निराळा करता येतो, पण तसे करण्याची सक्ती नाही. जपानीच्या संदर्भात तोशियुकी ओगिहारा यांनी 1996 मध्ये ज्या अर्थभेदाची तपशीलवार चर्चा केली, तो हाच.

उलट दिशेने, म्हणजे इंग्रजीतून मराठीत येताना, होणारी हानी अधिक आहे. 'ही सेड ही वुड कम' याचे 'तो येणार होता असे त्याने सांगितले' असे भाषांतर वृत्तपत्रांत आणि उत्तरपत्रिकांत वारंवार आढळते. 'येणार होता' या रूपातून बेत फसल्याची सूचना मराठी वाचकाला मिळते. इंग्रजी वाक्य त्याविषयी काहीच बोलत नाही. 'आपण येऊ असे त्याने सांगितले' हे साधे मराठी असताना काळाची ही उसनवारी कशासाठी? भाषांतराच्या पाठमालांनी शब्दाला शब्द लावण्याची जी शिस्त घालून दिली, तिचे हे एक अपत्य होय. 'काल मी तुमसरला गेलो होतो' याचे 'हॅड गॉन' करणे हे तिचे दुसरे.

शाळेतील प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष कथनाचा प्रश्न या सर्व गोष्टींना बगल देतो. त्यात अवतरणचिन्हांतील एकटे वाक्य पुढे येते. ते कोणी, केव्हा, कोणाला सांगितले, आणि पुन्हा सांगताना ते खरे उरले आहे की नाही, यांपैकी काहीच विद्यार्थ्याला ठाऊक नसते. 'तलाव फुटला आहे, कोतवाल म्हणाला' एवढेच त्याला मिळते, आणि तो इमानाने 'हॅड बर्स्ट' लिहितो. उत्तर बरोबर धरले जाते. मात्र मालगुजारी तलावांच्या या मुलुखात तीच बातमी बोलण्यात बहुधा 'तलाव फुटला म्हणे' अशी येते. तेथे प्रधान वाक्य नाही, भूतकाळी 'म्हणाला' नाही, सांगणाराही नाही; आहे तो केवळ 'म्हणे' हा ऐकीवपणा दाखविणारा शब्द. 'इट वॉज सेड' लिहून तेथे 'हॅड' आणावे, की 'आय हिअर' लिहून 'हॅज' ठेवावे, याचे उत्तर तोंडपाठ नियमात सापडत नाही.