'भरून पावले' म्हणजे काय?

जागेचं खरेदीखत पाहिलेल्या माणसाला 'रक्कम भरून पावलो' ही ओळ ठाऊक असते. तिच्याखाली सही किंवा अंगठा. मेहरुन्निसा दलवाई यांच्या आत्मकथनाचं 'मी भरून पावले आहे' हे नाव घेतलं की अनेकांना तृप्त चेहरा दिसतो. भिवंडीत राहिल्यामुळे असेल, मला आधी खरेदीखत दिसतं. शिवाय घरात कुणी फार छळलं की 'भरून पावले बाई!' असंही म्हणतातच.

आयुष्य मुळापासून बदललं की माणूस सुखी होतो का, हा प्रश्न आपण दलवाईंच्या बाबतीत सरळ विचारत नाही. त्यांचे भक्त त्यांना विजयी वीर करतात, विरोधक घर सोडून गेलेला म्हणून हिणवतात. दोघांनीही 'इंधन' नीट वाचलेली दिसत नाही. 1965 च्या या कादंबरीतला निवेदक गावापासून, रूढींपासून तुटलेला आहे. हृदयाच्या आजारानंतर तो विश्रांतीसाठी कोकणातल्या आपल्या गावी परततो. गाव त्याला परकं, तो गावाला परका. तणाव वाढतो, दंगल पेटते आणि अखेर तो पुन्हा निघून जातो. बंडखोराला सुख मिळालं, असं दलवाईंनी कुठंही लिहिलेलं नाही. या प्रामाणिकपणासाठी मी 'इंधन'ला त्यांच्या वैचारिक लेखनाच्या वर ठेवतो.

पण त्या निवेदकाचा निर्णय त्याचा स्वतःचा होता. मेहरुन्निसांची गोष्ट इथेच वेगळी होते. पुण्याच्या उर्दूभाषक घरातली ही मुलगी 1956 मध्ये मूळ मिरजोळीच्या, मराठीत लिहिणाऱ्या तरुणाशी लग्न करते. 18 एप्रिल 1966 ला विधानभवनावर गेलेल्या सात मुस्लिम स्त्रियांच्या मोर्चात ती असते. 22 मार्च 1970 ला मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन होतं. लगेच मे महिन्यात आमची भिवंडी जळते आणि मुसलमानाने स्वतःच्या समाजाबद्दल कठोर बोलणं आणखी अवघड होऊन बसतं. नवरा चळवळीत, दोन मुलींचं घर हिच्या नोकरीवर. 3 मे 1977 ला, वयाच्या 44 व्या वर्षी, हमीदभाई मूत्रपिंडाच्या आजाराने गेले. धार्मिक विधी नकोत, दहन करा, ही त्यांची इच्छा होती. तिच्यासह पुढे समाजात वावरायचं होतं ते मागे राहिलेल्यांना. त्यानंतर बाई चाळीस वर्षं जगल्या, 2017 मध्ये गेल्या.

आमच्या गल्लीत एक खाला आहेत, आझमगडहून नवऱ्यामागे आलेल्या. तो इथे मागावर बसला, म्हणून त्यांचं गाव, हवा, शेजार सगळं बदललं. खुश आहात का, असं विचारलं तर म्हणतात, "घर तो चल गया ना." हे दुःख नाही, पण याला सुख म्हणायलाही मी धजत नाही. आयुष्य बदलण्याचा निर्णय एकाचा असतो आणि तो रोज निभावणारं माणूस बहुधा दुसरंच असतं.

मेहरुन्निसा मात्र नुसत्या मागे ओढल्या गेल्या नाहीत. पतीनंतरही त्या मंडळाच्या कामात राहिल्या. तेव्हा कुणी सांगणारं नव्हतं. म्हणून त्यांच्या पुस्तकाचं नाव मला खोटं वाटत नाही. त्यांनी 'सुखी झाले' हा सोपा शब्द घेतला नाही, इकडेही लक्ष जावं.

आपल्याकडे 'इंधन'वर चर्चा होतात, या पुस्तकाचा उल्लेख मात्र 'दलवाईंच्या पत्नीच्या आठवणी' एवढाच होतो. हमीदभाईंबद्दल माहिती शोधायला ते उघडलं जातं आणि ती सापडली की मिटलं जातं.