जोर्व्याचा घट आणि ग्रीकांचे माप

कुकटपल्लीतील आमच्या लहानशा वाचनमंडळात मध्यंतरी कीट्सच्या ग्रीक कुंभावरील कवितेची चर्चा निघाली. ती चालू असता एका अध्यापकमित्रांनी असा अभिप्राय दिला की, आपल्याकडील प्राचीन घट मुके आहेत. जोर्व्याच्या मातीवर नुसत्या रेघाच काय त्या दिसतात. (कीट्सच्या मनातील पात्र, त्याच्याच शब्दांवरून पाहता, संगमरवरी आहे, मातीचे नव्हे, पण ते असो.) या अभिप्रायामागील माप तपासून पाहण्याजोगे आहे.

ग्रीक घट म्हटला की आपणांस एक्झेकियासचा तो द्यूत खेळणारा अकिलीस आणि त्याचा सोबती एजॅक्स आठवतो. परंतु ते चित्र इ. स. पू. सहाव्या शतकातले. जोर्व्याच्या अखेरच्या काळाशी समकालीन असे ग्रीक घट पाहावयाचे तर ते भौमितिक शैलीचे. अथेन्सच्या डिपिलोन दफनभूमीतील, इ. स. पू. ७५० च्या सुमाराचा, दीड मीटरांहून उंच घट घ्या. त्याच्या सर्वांगावर वळणावळणांच्या रेषांचे पट्टे आहेत. मृत स्त्री व तिच्याभोवती शोक करणारी माणसे यांना मधला एक अरुंद पट्टा तेवढा मिळाला आहे. म्हणजे ग्रीकांचीही वाणी रेषेतूनच उमटू लागली.

प्रवरेकाठच्या जोर्वे येथे १९५०-५१ साली डॉ. सांकळिया व डॉ. देव यांनी उत्खनन केले, आणि त्या गावाचे नाव इ. स. पू. सुमारे १४०० ते ७०० या काळातील एका संस्कृतीस मिळाले. तिची चाकावर घडविलेली तांबडी, पातळ भांडी टिचकी मारताच धातूसारखी वाजतात. काळ्या तिरप्या रेषा, जाळी, शंकरपाळ्याचे आकार हे सारे बहुधा वरच्या अंगावर. खालचे अंग मोकळे. हा संयम आहे, दारिद्र्य नव्हे.

मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य'मधील (१९५५) संवाद, विरोध, समतोल या लयतत्त्वांनी या घटांचे समर्थन सहज करता येईल. तेवढ्याने मात्र माझे समाधान होत नाही. शुद्ध आकृती म्हणून पाहिले की घट घरातून उचलून काचेच्या कपाटात नेला जातो, आणि तो कोणाच्या हाती होता हा प्रश्नच उरत नाही.

घोड नदीकाठच्या इनामगावी १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. तेथे घरांच्या जमिनीखाली मुलांची दफने सापडली. दोन जाडेभरडे रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, आत मूल. आणि अन्नपाण्यासाठी रंगविलेला तोटीचा घट व वाडगा. डिपिलोनच्या घटावर शोक करणारी माणसे दिसतात. येथे ती दिसत नाहीत, त्यांनी ठेवलेली भांडी दिसतात. त्या भांड्यांवर वेगळे काही चितारलेले नाही. वर, त्याच घरात, जेवणापाण्यासाठी जी भांडी रोज वापरात होती, त्यांच्यावरच्याच या रेघा.